आधी पाणी विचारा, मग वाट धरा

नांदेड-लातूरकडच्या माणसाला डोंगरात भटकायची हौस आली की तो पहिली चौकशी सह्याद्रीची करतो. रात्रभराची ट्रॅव्हल्स, पहाटे पुणे, तिथून आणखी दोन-तीन तास, आणि शेवटी धुक्यात गर्दीला धक्के देत काढलेला एक फोटो. हौसेला मोल नसतं हे खरं. पण एवढा आटापिटा करण्याआधी आपल्याच भागातल्या नद्यांचे काठ एकदा पायाखालून घालायला काय हरकत आहे? गोदावरी, पैनगंगा, मांजरा, मन्याड, लेंडी, तिरू या सगळ्या आपल्या अंगणातून वाहतात आणि आपण त्या बहुतेक वेळा पुलावरून, गाडीच्या काचेतून बघतो.

इथं मी बोलतोय ते लहान पदभ्रमणाबद्दल. तीन ते पाच किलोमीटर, जाऊन-येऊन दोन-अडीच तास, घरातली दहा वर्षांची पोर आणि साठीतले काका दोघांनाही झेपेल अशी वाट. अशा वाटेला आपल्याकडं पाट्या नाहीत, रंगाचे बाण नाहीत, तिकीटखिडकी नाही. गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनी पाडलेल्या पाऊलवाटा आहेत. त्यामुळं ती आखावी लागते, आणि आखताना मराठवाड्यात एक गोष्ट उलटी करावी लागते. सह्याद्रीत माणूस विचारतो, किती उंच आहे? इथं विचारायचं, पाणी किती आहे आणि ते कुठून येतंय? बाकीचं सगळं, म्हणजे कधी निघायचं, कुठून चालायचं, कुठं मागं फिरायचं, या एका उत्तरावर ठरतं.

पहिल्यांदाच जात असाल तर मी सहस्रकुंड सुचवेन. नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत किनवटच्या रस्त्यानं गेलं की इस्लापूर लागतं आणि तिथून पैनगंगेवरचा हा धबधबा जवळच आहे. नांदेडपासून एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, गाडीनं सव्वादोन-अडीच तास धरा. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचं रेल्वे स्टेशनही आहे. कोणती गाडी तिथं थांबते आणि परतीची कधी आहे ते आदल्या दिवशी बघून घ्या. लातूरकरांना मात्र अहमदपूर, लोहा करत आधी नांदेड गाठावं लागणार. त्यांनी रात्रीचा मुक्काम नांदेडलाच ठेवावा आणि पहाटे निघावं. एका दिवसात लातूर ते सहस्रकुंड आणि परत असा हिशेब कागदावर जमतो, पण चालायला म्हणून राखलेला वेळ सगळा स्टिअरिंगवर जातो.

सहस्रकुंडाची उंची फार नाही. उंच धबधब्यांचे फोटो पाहून जो जाईल त्याची पहिली नजर थोडी नाराजच होईल. पण काळ्या कातळात नदी फुटते, शेकडो धारांनी खाली येते आणि पुढं खडकाच्या घळीतून निघून जाते, ते बघायला उभं राहावं लागतं. हा दख्खनचा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इथं तो इतका घोटलेला आणि काळाभोर आहे की ओतून तसाच सोडलेल्या लोखंडाची आठवण व्हावी. पुराच्या पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी त्यात खळगे कोरलेत. असेच रांजणखळगे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजला कुकडी नदीत आहेत आणि ते पाहायला लोक लांबून येतात. आपले त्यामानानं दुर्लक्षित राहिले.

एक गोष्ट जाण्याआधी समजून घ्या. अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. निजामाच्या काळात हीच पैनगंगा हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांच्यामधली सरहद्द होती, आणि मुक्तिसंग्रामात पलीकडं उमरखेडला कार्यकर्त्यांची छावणी होती. आज सरहद्द फक्त जिल्ह्याची उरली आहे, पण नदी तेवढीच रुंद आहे. धबधबा दोन्ही काठांवरून दिसतो आणि वेगवेगळा दिसतो, म्हणून अनेकांना मधूनच खडकांवरून पलीकडं जायचा मोह होतो. जाऊ नका. दोन्ही बाजू बघायच्या असतील तर गाडीनं रस्त्यानं फेरा मारा आणि त्यासाठी दिवसात वेगळे दोन तास ठेवा.

आता पाण्याचं. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगवते. वाटेत तिच्यावर इसापूरचं धरण आहे. धरणाच्या खाली हिंगोलीकडून येणारी कयाधू तिला मिळते. म्हणजे सहस्रकुंडाला तुमच्या समोरून जे पाणी जातं ते तीन ठिकाणचं असतं: इसापूरच्या दरवाज्यांतून सोडलेलं, कयाधूचं, आणि आसपासच्या ओढ्यानाल्यांचं. इस्लापुरात लख्ख ऊन असताना नदी चढू शकते ती यामुळं. रात्री हिंगोलीत धो धो पडला असेल तर सकाळी आपल्या डोक्यावरचं निळं आभाळ काहीच सांगत नाही. तेव्हा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी बघायच्या: हवामान खात्याचा नांदेडबरोबरच हिंगोली, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा इशारा, इसापूरमधून विसर्ग सुरू आहे का याची बातमी, आणि इस्लापूरकडच्या कुणा माणसाचा फोन. यातला शेवटचा सगळ्यात भरवशाचा. ओळखीचा शिक्षक, एसटीतला वाहक, नातेवाइकांचे नातेवाईक, कुणीही चालतं. "नदी कशी आहे?" एवढंच विचारा. "भरून चाललीय" असं उत्तर आलं तर लांबून बघायचा दिवस समजा, चालायचा नाही. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर गाडी काढूच नका.

हे मी जरा जोर देऊन सांगतोय, कारण आपल्याकडचा पाऊस हल्ली एका रात्रीत महिन्याचा हिशेब पुरा करतो. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीकाठच्या गावांना पाण्यानं वेढलं तेव्हा लोक घरांत झोपलेले होते. घरात झोपलेल्याला जे पाणी गाठतं ते खडकावर बसून भजी खाणाऱ्याला काय सोडणार?

काठावर पोचल्यावरही नदीकडं लक्ष ठेवावं लागतं. पाणी अचानक गढूळ होणं, फेस आणि काडीकचरा वाहत येणं, मघाशी उघडा असलेला एखादा खडक बुडणं, आवाज भरल्यासारखा वाटणं, यातलं एकही दिसलं की सामान गोळा करत बसायचं नाही, वर चढायचं. पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेचा एक दगड खुणेला धरून ठेवायची सवय लावा. मुलांना हे काम दिलं तर ती ते फार चोख करतात.

कधी जावं? धबधब्याचा सगळा जोर बघायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, पण तेव्हा चालायला वाट नसते. काळी माती ओली झाली की बुटाला पायली पायली चिखल चढतो, सोयाबीन गुडघ्याच्या वर असतं, कपाशी आणि तूर दाटलेली असते आणि खडक शेवाळलेला असतो. माझं मत विचाराल तर घटस्थापनेपासून दिवाळीच्या आसपासपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. परतीचा पाऊस मधूनच येतो, पण नदीला पाणी असतं, ते निवळलेलं असतं, माती धरायला लागलेली असते, सोयाबीन निघालेलं असल्यामुळं बांध मोकळे असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धारा कमी होतात, मात्र खडकाची खरी रचना तेव्हाच उघडी पडते आणि चालणं सोपं होतं. फेब्रुवारीनंतर सहस्रकुंडाला केवळ धबधब्यासाठी जाऊ नये. उन्हाळ्यात पैनगंगा कोरडी पडते आणि काठची गावं इसापूरचं पाणी नदीत सोडा म्हणून मागणी करत असतात. त्या दिवसांत आपण तिथं सहलीला जाणं मला बरं वाटत नाही. एप्रिल-मे तर नावच काढू नका. काळा कातळ सकाळी नऊलाच तापलेला असतो.

रविवार, श्रावणातले सोमवार आणि 15 ऑगस्ट हे दिवस टाळा. गर्दी होते ती धबधब्यापाशीच, शंभर पावलं पुढं कुणी येत नाही हे खरं; पण रस्ता, गाड्यांच्या रांगा आणि तरण्या पोरांचे मोठमोठे स्पीकर यांत सकाळ जाते.

वाट घरी बसूनच आखा. मोबाइलच्या नकाशात उपग्रहाचं चित्र लावा, धबधबा शोधा आणि काठाकाठानं बोट सरकवत जा. पाऊलवाटा बारीक रेघांसारख्या दिसतात. पण वाटेपेक्षा महत्त्वाचं दुसरं काही शोधायचं असतं: काठाला येऊन मिळणारे ओढे. नदीकाठच्या वाटेत वेळ चढावर जात नाही, ओढ्यांत जातो. प्रत्येक ओढा नदीला मिळताना खोल ओघळ पाडतो. त्यात उतरायचं, झाडोऱ्यातून जागा काढायची आणि पलीकडं चढायचं, किंवा वरच्या अंगाला वळसा घालून सोप्या जागी ओलांडायचं. एका ओढ्याला पंधरा-वीस मिनिटं धरा. नकाशावर दोन किलोमीटरची दिसणारी वाट तीन ओढे असतील तर दीड तासाची होते. घरातल्या मंडळींना घेऊन जाताना एकापेक्षा जास्त ओढा नको. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण जंगलपट्ट्यात रेंजचा भरवसा नाही.

सहस्रकुंडाला मी धबधब्यापासून दोन किलोमीटरपर्यंत जाऊन परत येण्याची आखणी करा म्हणेन. खाली घळीत उतरायचं नाही, कायम वरच्या कडेनं चालायचं. वाटेत साग, पळस, मोह, धावडा आणि पाण्यालगत अर्जुन आणि उंबर भेटतील. पैनगंगेचं अभयारण्य याच नदीच्या दोन्ही अंगांना आहे, त्यामुळं आपण कुठवर जाऊ शकतो आणि कुठून पुढं परवानगी लागते हे इस्लापूरला वन खात्याच्या माणसांना विचारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. झुडपी रान म्हणून आत शिरलात आणि पुढं वनरक्षक भेटला तर चूक त्याची नसते.

घड्याळ कसं लावायचं ते सांगतो. आपल्याकडं ऑगस्टच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, डिसेंबरच्या शेवटी सातला दहा मिनिटं कमी असताना. पहाटे साडेचारला नांदेड सोडलं तर सातला चालायला सुरुवात करता येते. निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना मोठ्यानं सांगा: सव्वाआठ वाजता जिथं असू तिथून मागं. पुढं कितीही सुंदर वळण दिसलं तरी. ज्याच्या हातात घड्याळ आहे त्यानं ती वेळ पाळायची आणि बाकीच्यांनी त्याच्यावर चिडायचं नाही. साडेनऊला गाडीपाशी आलात की ऊनही चुकतं आणि दुपारचे ढगही. संध्याकाळी जायचं असेल तर डिसेंबरात सहाच्या आधीच सूर्य बुडतो हे ध्यानात ठेवून चार वाजताच मागं फिरा.

दुपारच्या ढगांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण मराठवाड्यात विजेनं माणसं आणि जनावरं दरवर्षी दगावतात. मृगाच्या आधीचे आणि परतीच्या पावसाचे दिवस त्यात सगळ्यात वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं काढलेलं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं, ते फोनमध्ये घ्या. गडगडाट ऐकू आला की कड सोडा, एकट्या झाडाखाली उभं राहू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जाऊन बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच राहा. माळावरची कडुनिंबाची सावली ही आपली जुनी सवय आहे, आणि तीच घात करते.

काठाचे दोन प्रकार ओळखायला शिका. सहस्रकुंडासारखी खडकाची कड असेल तर धोका घसरण्याचा आणि सुट्या शिळांचा. बसाल्टला उभ्या भेगा असतात आणि कडेचा तुकडा घट्ट दिसला तरी तो मूळ खडकापासून सुटलेला असू शकतो. गोदावरी किंवा मांजरेसारखी गाळाची दरड असेल तर प्रकार आणखी फसवा. पाणी खालून माती कापत नेतं आणि वर गवत जसंच्या तसं राहतं, म्हणजे तुम्ही उभे असता ती जमीन खालून पोकळ झालेली असते. काठाला समांतर भेग दिसली की तो पट्टा आज ना उद्या जाणार. ढोबळ नियम असा: दरड जेवढी उंच, तेवढं अंतर कडेपासून आत. पंधरा फुटांची दरड असेल तर पंधरा फूट आतून चाला. फोटो आतूनही चांगला येतो.

पोहायचं नाही, पाय सोडून बसायचं नाही. रांजणखळगे वरून घोट्याएवढे दिसतात आणि आत माणूस उभा बुडतो. गोदावरीत तर वाळू उपशानं पात्रात खड्डे पडलेले असतात, ते पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला गळ्याइतक्या पाण्यात जातो. गोदावरीकाठी लहानाचा मोठा झालेलाही यात फसतो. सोबत वीस मीटर दोर ठेवा. कुणी पाण्यात गेलं तर मागोमाग उडी मारू नका; दोर, ओढणी, लांब काठी, रिकामी बंद झाकणाची बाटली जे हाताला येईल ते फेका आणि कुणाला तरी 112 लावायला सांगा.

शहरातल्या माणसाला सहसा माहीत नसलेल्या काही गोष्टी या काठांवर असतात. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी शेताभोवती झटका मशीनची तार लावतात. तार बारीक असते, गवतात दिसत नाही, म्हणून शेताची कोणतीही तार हातानं उचलून वाकून जाऊ नका. काठावर मोटारी, स्टार्टरच्या पेट्या आणि नदीत सोडलेल्या केबली असतात. त्यांना ओलांडा, हात लावू नका. कड्याच्या पोटाशी आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. मोहोळ दिसलं की अत्तर मारलेल्या, मोठ्यानं बोलणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या माणसाला मागं ठेवून वाट बदला. माश्या उठल्याच तर तोंड झाकून गाडीकडं पळा, पाण्यात उडी मारू नका. हिवाळ्यात खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगा कुंपणाला लोंबत असतात. त्यांची कुसं अंगाला लागली तर उरलेला दिवस दुसरं काही सुचत नाही. ऑक्टोबरात कुसळी गवत मोज्यांत घुसतं. म्हणून पायघोळ जाड पँट, बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. कितीही उकडलं तरी हाफ पँट नको.

सापाची भीती बाळगण्यापेक्षा खबरदारी घ्या. दगडावर बसण्याआधी काठीनं आपटा, न दिसणाऱ्या जागी हात घालू नका. दंश झालाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, देवळात न्यायचं नाही. त्या माणसाला शांत बसवून 108 ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याकडं निघा. रस्त्यावर पोचेपर्यंत त्याला चालवू नका, उचला.

खायला काय न्यायचं हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. धपाटे दुसऱ्या दिवशीही टिकतात, दशम्या टिकतात, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ सोबत असला की दुकानाची वाट बघावी लागत नाही. पाणी ऑक्टोबरात माणशी दोन लिटर, ऊन असेल तर तीन. नदीचं पाणी पिऊ नका, निवळ दिसलं तरी. कुरकुऱ्यांची पाकिटं न्यायचीच असतील तर रिकामी पिशवीही न्या आणि आपला कचरा त्यात भरून परत आणा. धबधब्याच्या आसपास काय पडलेलं असतं ते एकदा बघितलं की वेगळं सांगावं लागत नाही.

बांधावरून जायचं असेल तर आधी विचारावं. "काका, या बांधावरून नदीला गेलं तर चालंल का?" एवढं म्हटलं की बहुतेक जण वाट दाखवतात आणि बरोबर एखादी सूचनाही देतात, खालच्या अंगाला पाणी आहे, तिकडनं जाऊ नका, पलीकडं कुत्रं आहे, अशी. ही सूचना कोणत्याही नकाशात मिळत नाही. किनवटच्या बाजूला आंध, गोंड, कोलाम वस्त्या आणि बंजारा तांडे आहेत. फोटो काढायचा तर विचारून, आणि पोरांना चॉकलेटं वाटत फिरायचं नाही. भुईमूग किंवा हरभरा उपटून खाणं गंमत वाटते, पण तो कुणाचा तरी खर्च असतो. शेतकऱ्यानं स्वतः वानवळा दिला तर नाही म्हणू नका.

इतक्या लांब जाण्याआधी सराव करायचा असेल तर नांदेडकरांना विष्णुपुरी जवळ आहे. काळेश्वराच्या देवळापाशी जा आणि जलाशयाच्या काठानं सकाळी तासभर चालून बघा. हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या, पाणकावळे, नदी सुरय, शराटी, खंड्या एवढे सहज दिसतात. दुर्बीण असेल तर न्या. इथंही वरचं पाणी विचारायचंच. जायकवाडी आणि माजलगावचं पाणी गोदावरीतून येतं, येलदरी आणि सिद्धेश्वरचं पूर्णेतून, आणि दोन्ही नांदेडच्या वरच्या अंगाला एक होतात. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की शहरातले घाट पाण्याखाली जातात, तेव्हा काठाला चालायला जाऊ नये. कंधारही चांगलं: मन्याडचा परिसर, राष्ट्रकूटकालीन किल्ला आणि त्याचा खंदक, सगळं आटोपशीर.

लातूरकरांशी सरळ बोलायचं तर मांजरेला कडा नाही. ती ऊस आणि काळ्या रानातून संथ वाहते, बंधाऱ्यांनी अडवलेली असते, आणि तिच्या काठचं चालणं सुखाचं असलं तरी डोळे भरून खाली बघावं अशी जागा विरळा. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरलेली मांजरा नुसती बघणंसुद्धा पुरतं, ते मी समजू शकतो. पण उंचावरून मुलूख बघायची हौस असेल तर नदी सोडून टेकडी धरा. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी ओळखलं जातं आणि पाऊस संपता संपता ते सगळ्यात भरलेलं असतं. जाणता वैदू किंवा वनस्पतिशास्त्राचा शिक्षक बरोबर असेल तर एका तासाचे तीन होतात. वनस्पती उपटू नका, ओळखा. उदगीरजवळचं हत्तीबेट त्याहून खडकाळ, गुहांचं. दोन्हीकडं चढ लहान आहे, पाण्याचा धोका नाही, म्हणून ज्या दिवशी नद्यांचे फोन "भरून चाललीय" सांगतील त्या दिवसासाठी ही दोन नावं राखून ठेवा. विजेचा नियम मात्र तिथं दुप्पट कडक.

सहस्रकुंडाला गेल्यावर आणखी एक दिवस हाताशी असेल तर मागं न फिरता किनवटवरून माहूरला जा. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता, किल्ला आणि पांडवलेणी एका दिवसात होतात, आणि गडाच्या आसपासचं रान चालायला सहस्रकुंडापेक्षा सरस आहे असं म्हणणारेही भेटतील. नवरात्रात आणि राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला मात्र तिथं माणसांचा पूर असतो. दर्शनासाठी तेव्हा जा, भटकायला इतर दिवशी. येता-जाता किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठावर उनकेश्वरचे गंधकाचे गरम झरे लागतात. चालून आखडलेल्या पायांना ते पाणी बरं वाटतं, तेव्हा गाडीत कपड्यांचा एक जादा जोड आणि टॉवेल टाकायला विसरू नका.